ताणलेली तार आणि तिचा रेझिस्टन्स : वाचकांचे प्रश्न

धातू ताणला, वाकवला, ठोकला की त्यातून जाणाऱ्या करंटला काही फरक पडतो का, या एकाच गोष्टीवर या वेळी बरेच प्रश्न आलेत. विचारणारे मात्र सगळे वेगवेगळे, बारावीतल्या मुलापासून ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत. म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून यावरचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. तार ताणून लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स चौपट होतो हे गणित आम्ही कितीतरी वेळा सोडवलंय, पण त्यात रेझिस्टिव्हिटी (म्हणजे लांबी-जाडी बाजूला ठेवून करंटला धातूचा स्वतःचा जो अडथळा असतो तो) तीच राहते असं धरलेलं असतं. एवढी ताणाताणी झाल्यावर आतला धातू खरंच जसाच्या तसा राहतो का? सरांना विचारलं तर म्हणाले मटेरियल तेच आहे ना, मग रेझिस्टिव्हिटी तीच. (लातूर)

उत्तर : परीक्षेत चौपटच लिही, मार्क त्यालाच आहेत. पण तुझी शंका अगदी योग्य आहे आणि ती तुला सुचली याचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण इथूनच एक मोठा विषय सुरू होतो.

आधी गणितातलं चौपट कुठून येतं ते बघू. तार ताणली की धातू कुठे जात नाही, तेवढाच राहतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली तर जाडी (काटछेदाचं क्षेत्रफळ) निम्मी व्हायलाच हवी. लांबीमुळे दोनपट आणि बारीक झाल्यामुळे दोनपट, मिळून चार. हा झाला फक्त आकाराचा परिणाम. आता प्रत्यक्षात तांब्याची तार दोन टोकांना धरून ओढलीस तर दुप्पट होणारच नाही, नरम तांबंसुद्धा साधारण तीस-चाळीस टक्के लांबल्यावर तुटतं. दुप्पट किंवा दहापट लांब करायची तर ती डायच्या भोकातून ओढावी लागते, तारेचे कारखाने तेच करतात. आणि अशी थंडच ओढलेली कडक तांब्याची तार मोजली तर तिची रेझिस्टिव्हिटी नरम तांब्यापेक्षा साधारण २ ते ३ टक्क्यांनी जास्त निघते. म्हणजे तुझं उत्तर चार नाही, ४.१ च्या आसपास येईल.

हे इतकं पक्कं माहीत आहे की तांब्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९१३ साली ठरवलं तेव्हा ते नुसत्या तांब्याचं नाही तर 'ॲनील' केलेल्या, म्हणजे तापवून नरम केलेल्या तांब्याचं ठरवलं. २० अंश सेल्सिअसला १.७२४१ मायक्रोओहम-सेंटिमीटर, याला १०० टक्के कंडक्टिव्हिटी म्हणायचं. कडक ओढलेली तार त्या मापावर ९७ टक्क्यांच्या आसपास येते.

आता आत होतं काय? उसाच्या फडातून चालायचंय असं समज. लागण सरळ सरीत असेल तर ऊस कितीही दाट असू दे, माणूस सरीतून सरळ निघून जातो. अडचण होते ती ऊस लोळला की. धातूतले अणू असेच रांगेत लागलेले असतात आणि अगदी नीट रांगेत असतील तर इलेक्ट्रॉनला त्यांचा अडथळाच होत नाही. अडथळा होतो तो रांग बिघडली की, आणि ती तीन कारणांनी बिघडते : उष्णतेने अणू थरथरतात, मध्येच दुसऱ्या धातूचा अणू घुसलेला असतो, किंवा ओढल्या-ठोकल्यामुळे रांगाच तुटून सरकलेल्या असतात. या तुटलेल्या रांगांच्या रेषांना डिसलोकेशन म्हणतात. चांगल्या कडक झालेल्या तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या सगळ्या रेषा एकापुढे एक ठेवल्या तर १० लाख किलोमीटरच्या घरात जातात, म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन परत येऊनही उरेल एवढ्या, आणि तरीही रेझिस्टन्स वाढतो फक्त दोन-तीन टक्के! कारण खोलीच्या तापमानाला थरथरणाऱ्या अणूंचाच अडथळा इतका मोठा असतो की बाकीचं त्यापुढे किरकोळ वाटतं. हीच तार द्रवरूप हेलियममध्ये ४.२ केल्विनला बुडवली तर थरथर जवळजवळ थांबते आणि मग उरतो तो फक्त परक्या अणूंचा आणि तुटलेल्या रांगांचा अडथळा. तिथे कडक आणि नरम तारेतला फरक टक्क्यांत नाही, पटीत दिसू शकतो.

ऑगस्टस मॅथिसन नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मिश्रधातूंच्या मोजमापांवरून नियम मांडला की तापमानाचा वाटा आणि परक्या अणूंचा वाटा यांची सरळ बेरीज होते. तुटलेल्या रांगांचा वाटाही पुढे त्याच बेरजेत धरला गेला. नियम शंभर टक्के काटेकोर नाही पण कामाला उत्तम आहे. आणि मिश्रधातूचं वेगळेपण यातच आलं : तिथे परके अणू इतके असतात की फड आधीच लोळलेला असतो, अजून चार ऊस आडवे झाले तर चालणाऱ्याला काय फरक पडणार. तांब्याची रेझिस्टिव्हिटी १.७, आणि साधारण ५५ टक्के तांबं व ४५ टक्के निकेल असलेल्या कॉन्स्टंटनची ४९ च्या आसपास. तांब्याला ओढल्यामुळे जी भर पडते तेवढीच कॉन्स्टंटनला पडली तर ती हजारात एकच होईल. बहुतेक मिश्रधातूंचं असंच आहे. पण काही मिश्रधातू वेगळेच वागतात, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : माझं इलेक्ट्रिक रिपेअरिंगचं दुकान आहे. शेगडीची स्प्रिंगसारखी कॉईल आम्ही ताणून खाचेत बसवतो. ताणल्यामुळे रेझिस्टन्स वाढून वॅट कमी होतात का? आणि तुटलेली कॉईल पीळ देऊन जोडली की ती आधीपेक्षा जास्त लाल होते, ते का? (इचलकरंजी)

उत्तर : कॉईल ताणता तेव्हा तार लांबत नाही, फक्त वेटोळी उघडतात, त्यामुळे रेझिस्टन्स तोच राहतो. जास्त जोर लावून एखाद्या ठिकाणी तार खरोखरच खेचली गेली आणि बारीक झाली तरच गडबड, कारण मग त्या जागेचा रेझिस्टन्स वाढतो, ती जागा बाकीच्यापेक्षा जास्त तापते, तिथेच लवकर जळते. म्हणून कॉईल पूर्ण लांबीवर एकसारखी उघडा, एका टोकाला गच्च वेटोळी आणि दुसऱ्या टोकाला सरळ तार असं करू नका.

जोडलेली कॉईल जास्त लाल होते कारण जोडताना तुकडा गेलेला असतो. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या कॉईलचा तापलेला रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. त्यातली १० टक्के तार काढली की उरतो ४७.६, आणि वॅट होतात ११०० च्या वर. कमी लांबीत जास्त उष्णता, म्हणून लाल. शिवाय पीळ दिलेल्या जागी ऑक्साईड धरतं, संपर्क सैल होतो, ठिणग्या पडतात. आणि तार निकेल-क्रोमची नसून लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची असेल तर एकदा तापून गेल्यावर ती ठिसूळ होते, वाकवली की मोडते. गिऱ्हाईकाला नवी कॉईल घ्यायला सांगा, शेगडी घरात बायका-पोरांच्या हाताशी असते, इथे पन्नास-शंभर रुपये वाचवायचे नाहीत.

आता तुम्ही नायक्रोमचं काम करता म्हणून एक खास गोष्ट सांगतो, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच सगळ्यात आवडते. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ साली निकेल-क्रोमियमच्या या तारेचं पेटंट घेतलं, ८० टक्के निकेल २० टक्के क्रोमियमची तार आजही शेगडी, इस्त्री, टोस्टर सगळीकडे आहे, रेझिस्टिव्हिटी जवळपास ११० मायक्रोओहम-सेंटिमीटर. वरच्या उत्तरात म्हटलं की ओढल्याने रेझिस्टन्स वाढतो. नायक्रोममध्ये उलटं होतं! ही तार थंड ओढली, गुंडाळली, ठोकली की तिची रेझिस्टिव्हिटी कमी होते. आणि तीच तार ४००-५०० अंशांपर्यंत तापवून हळू थंड केली की परत काही टक्क्यांनी वाढते. तांब्याला तापवून नरम केलं की रेझिस्टन्स उतरतो, इथे चढतो.

जर्मनीत हान्स थॉमसने १९५१ साली हे वागणं तपासून त्याला 'के-स्थिती' असं नाव दिलं. कारण असं मानतात की नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियमचे अणू अगदी बेबंद विखुरलेले नसतात, आपल्या शेजारी कोण असावं याची त्यांची थोडी पसंती असते, दोन-चार अणूंच्या अंतरापुरती छोटीशी शिस्त. साधारणपणे शिस्त आली की रेझिस्टन्स कमी व्हायला हवा, सोनं-तांब्याच्या मिश्रधातूत तसंच होतं, तीन भाग तांबं आणि एक भाग सोनं हळू थंड केलं तर अणू नेमक्या जागी बसतात आणि रेझिस्टन्स चांगलाच उतरतो, मग ते ठोकून ती शिस्त मोडली की परत चढतो. नायक्रोममधली ही लहान पल्ल्याची शिस्त मात्र रेझिस्टन्स वाढवणारी निघाली. ती ओढण्याने मोडते म्हणून रेझिस्टन्स घसरतो. तुमच्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा : नवी कोरी कॉईल मीटरने मोजली आणि महिनाभर वापरलेली तीच कॉईल थंड करून मोजली तर आकड्यात काही टक्क्यांचा फरक येऊ शकतो आणि त्यात माल खराब आहे असं काही नाही.

प्रश्न : आम्ही ऊस कारखान्याला घालतो. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर उभी केली की आकडा येतो, खाली स्प्रिंग नाही तराजू नाही, नुसते लोखंडी ठोकळे आणि वायरी दिसतात. आत नेमकं काय असतं ते कुणी नीट सांगत नाही. (माळशिरस)

उत्तर : ज्याच्या पिकाचं वजन त्यावर होतं त्याला हे कळायलाच पाहिजे, म्हणून सविस्तर सांगतो. ते ठोकळे म्हणजे लोडसेल. ठोकळा पोलादाचा असतो, वजन पडलं की तो दबतो, पण किती, तर पूर्ण वजनालाही हजारात एक भाग, डोळ्याला काहीच दिसणार नाही. त्या ठोकळ्याला आतून केसापेक्षाही पातळ धातूच्या पत्रीची नागमोडी पट्टी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. ठोकळा दबला-ताणला की पट्टीही तेवढीच दबते-ताणते आणि तिचा रेझिस्टन्स बदलतो. आपण मोजतो तो हा रेझिस्टन्स, वजन त्यावरून काढलेलं असतं.

ताणलेल्या तारेचा रेझिस्टन्स बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्ये तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून दाखवलं होतं, दोन्हींचा वाढला आणि लोखंडाचा जास्त वाढला. पण त्याचा उपयोग करायला ऐंशी वर्षं गेली. १९३८ च्या सुमाराला अमेरिकेत दोघांनी एकमेकांना न कळता हे गेज बनवलं, कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज. रूज भूकंपात उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांवर किती ताण येतो ते तपासत होते, टाकीच्या छोट्या मॉडेलवर लावायला त्यांना हलकं काहीतरी हवं होतं, म्हणून बारीक तारच चिकटवून बघितली.

आता पट्टी कुठल्या धातूची घ्यायची हा खरा प्रश्न. तांब्याची का नाही? कारण तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला ०.३९ टक्के बदलतो. पूर्ण वजनाने, म्हणजे हजारात एक ताणाने, होणारा बदल असतो ०.२ टक्के. म्हणजे तांबं वापरलं तर अर्ध्या अंशाच्या तापमानाला पूर्ण वजनाएवढा फरक दिसेल, दुपारी आणि संध्याकाळी काटा वेगळंच सांगेल. म्हणून घेतात कॉन्स्टंटन, तो तापमानाला जवळजवळ दादच देत नाही. शिवाय चार पट्ट्या अशा जोडतात की दोन ताणल्या जातात, दोन दबतात, आणि सगळ्यांना सारखंच ऊन लागलं तर तो परिणाम एकमेकांत कटतो. या जोडणीला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात.

कॉन्स्टंटनचा आणखी एक गुण आहे जो मला फार सुंदर वाटतो. ताण जितका, त्याच्या किती पट रेझिस्टन्स बदलतो त्या आकड्याला गेज फॅक्टर म्हणतात. नुसत्या आकारामुळे तो १.६ च्या आसपास यायला हवा, कारण तार थोडीशीच ताणली, सोडल्यावर परत येण्याइतकी, तर तिचं घनफळ किंचित वाढतं आणि ती हवी तेवढी बारीक होत नाही. कॉन्स्टंटनमध्ये रेझिस्टिव्हिटीही थोडी वाढते आणि एकूण आकडा साधारण २ येतो. आता तार इतकी ताणली की ती कायमची लांबली, तर घनफळ तेवढंच राहतं, आकाराचा परिणाम बरोबर २ होतो (पहिल्या प्रश्नातलं चौपट आठवा), आणि आतल्या मोडतोडीने रेझिस्टिव्हिटी फारशी हलत नाही कारण फड आधीच लोळलेला. म्हणजे तेव्हाही २! दोन्हीकडे तोच आकडा. हे सगळ्या धातूंना जमत नाही, मँगॅनीनचा आकडा अर्ध्याच्या आसपास, प्लॅटिनम-टंगस्टनचा चारच्या आसपास, आणि शुद्ध निकेलचा तर उणे बारा, म्हणजे थोडं ताणलं तर रेझिस्टन्स कमीच होतो, त्यात त्याच्या चुंबकत्वाचा हात आहे.

आकड्यांत बघायचं तर ३५० ओहमची पट्टी पूर्ण वजनाला ०.७ ओहम बदलते. ३० टनी लोडसेलला १० व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला बाहेर येतात २० मिलिव्होल्ट, आणि १० किलोला सुमारे ७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग असे सात. इतका छोटा सिग्नल असल्यामुळे पाणी शिरलेला जंक्शन बॉक्स, उंदराने कुरतडलेली वायर, प्लॅटफॉर्मच्या कडेला अडकलेली माती-दगड यांनी आकडा बिघडू शकतो. पट्टी सहसा खोटं बोलत नाही, तिच्यापासून स्क्रीनपर्यंतचा रस्ता नीट हवा. ट्रॉली चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे का ते बघा आणि पडताळणीचा शिक्का कधीचा आहे ते विचारा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : घरात वायरिंग करताना वायर फार वाकली, गाठ पडली, सरळ केली. त्याने रेझिस्टन्स वाढून लाईटबिल वाढतं का? (नाशिक)

उत्तर : नाही. वाकल्या जागी तांबं थोडं कडक होतं, रेझिस्टिव्हिटी फार तर दोन टक्क्यांनी वाढते आणि तीही एक-दोन सेंटिमीटरपुरती, मीटरला कळणारसुद्धा नाही. वायर सोलताना पात्याने तांब्यावर चर पडली असेल किंवा स्विचमधला स्क्रू सैल असेल तर मात्र ती जागा तापते, आग तिथून लागते. तिकडे लक्ष द्या.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो. ओव्हरहेडची काँटॅक्ट वायर कडक ओढलेल्या तांब्याचीच का असते? नरम तांबं करंट चांगलं नेतं ना? (कल्याण)

उत्तर : काका, नेतं, पण दोन-तीन टक्केच चांगलं. त्याबदल्यात ताकद जवळजवळ निम्मी होते. ती वायर शेकडो किलोच्या ताणात सरळ धरायची असते, खालून पेंटोग्राफ (गाडीच्या टपावरची करंट घेणारी चौकट) घासत जातो, नरम तांबं तिथे लोंबेल आणि लवकर झिजेल. ओढून कडक करण्याची मजा हीच आहे, ताकद खूप मिळते आणि कंडक्टिव्हिटी थोडीशीच जाते. दुसऱ्या धातूची भेसळ करून ताकद वाढवायची तर बहुतेक वेळा कंडक्टिव्हिटी जास्त द्यावी लागते. वरच्या कॅटेनरीला, म्हणजे काँटॅक्ट वायर जिला टांगलेली असते त्या तारेला, कॅडमियम-तांबं वापरतात कारण कॅडमियम हा त्यातल्या त्यात कमी नुकसान करणारा अणू आहे. एक मात्र, कडक तार जास्त तापली तर ती आपोआप नरम होते, रेझिस्टन्स सुधारतो पण ताकद कायमची जाते. म्हणून ओव्हरलोडला आणि ठिणग्या पडलेल्या जागेला तुम्ही लोक इतके जपायचात.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी मी मँगॅनीनची तार गुंडाळून १ ओहमचा अचूक रेझिस्टर बनवला. पहिल्या आठवड्यात बरोबर होता, आता आकडा हळूहळू सरकतोय. तार तर तापमानाला स्थिर असते म्हणतात. (पुणे, इंजिनीअरिंग)

उत्तर : तापमानाला स्थिर आहेच, म्हणूनच एडवर्ड वेस्टनने १८९२ च्या सुमाराला आणलेला हा तांबं-मँगनीज-निकेलचा मिश्रधातू (साधारण ८४, १२ आणि ४ टक्के) आजही वापरात आहे. पण तू तो बॉबिनवर गुंडाळलास, गुंडाळताना तार वाकली, बाहेरची बाजू ताणली गेली, आतली दबली. हा आत अडकलेला ताण खोलीच्या तापमानालाही हळूहळू सुटत राहतो आणि त्याबरोबर रेझिस्टन्स सरकतो, कधीकधी वर्षानुवर्षं.

उपाय जुना आहे. गुंडाळून झाल्यावर रेझिस्टर १४० अंशांच्या आसपास बराच वेळ भाजायचा म्हणजे ताण लवकर सुटतो, त्याहून जास्त केलं तर इन्सुलेशन जळतं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेम्स थॉमस यांनी (नायक्रोमवाले थॉमस वेगळे) १९३० च्या सुमाराला उघडी तार गुंडाळून ती सुमारे ५५० अंशांना पूर्ण ॲनील केली आणि मग न वाकवता हलक्या हाताने डब्यात बसवून बंद केली. असे १ ओहमचे रेझिस्टर इतके स्थिर निघाले की तिथला ओहम कित्येक दशकं त्यांच्यावरच सांभाळला, १९९० मध्ये क्वांटम हॉल इफेक्टवर आधारलेलं मानक येईपर्यंत.

तुझ्याकडे भट्टी नसेल तर कॉलेजच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये १२५-१४० अंशांना रात्रभर ठेव, तारेवरचं इनॅमल आणि बॉबिन ते सोसेल का ते आधी बघ, प्लास्टिकचं बॉबिन चालणार नाही. थंड झाल्यावर मोज, वेटोळी हाताने सारखी करत बसू नकोस, लांबी कमी करायची असेल तर एका टोकालाच कर आणि केल्यावर पुन्हा भाज. मोजताना चार वायरींची पद्धत (दोन करंटला, दोन व्होल्टेज मोजायला) वापर, १ ओहमला दोन वायरींनी मोजलंस तर टेस्ट लीडचाच रेझिस्टन्स सरकताना दिसेल आणि तू विनाकारण तारेला दोष देशील.